कलम सात आणि आत्याचं तोंड

किगाम्बोनी, दार एस सलाम
मंगळवार

चोर नाही म्हणायचं मला, आत्या. बाकी काय म्हणायचं ते म्हण. उनाड म्हण, चौथीतून पळालेला म्हण, एका जागी बूड न टिकणारा म्हण, यातलं काही मी नाकारत नाही. पण तातूच्या फोनवरून तू जो सहा मिनिटांचा निरोप बोलून पाठवलास, त्यात चोर हा शब्द अकरा वेळा आला, आणि तो मी गिळणार नाही. पलीकडची सिहाबामावशी दिवसातून चार वेळा तुझ्या दारावरून जाते, तिनं कमरेला नवा कांगा नेसलेला असतो, आणि त्या कांग्याच्या काठावर तुझाच टोमणा छापलेला असतो. म्हणजे तुझ्या तोंडचे शब्द तिनं दुकानात रोख मोजून घेतले आणि तुझ्यावरच उलटे नेसले. हे वाईट झालं. ऐकून माझेही दोन घास कमी गेले. पण तिला तो कांगा मी विकलेला नाही, तुमच्या पांगानीच्या बाजारापर्यंत तो कसा पोचला हे मला ठाऊक नाही. आणि तू म्हणालीस की "परक्या बायकांसाठी कापडावर लिहितोस, तर आत्यासाठी कागदावर लिही, तुझा आवाज मला ऐकायचा नाही," म्हणून हा कागद. तुझी लेक वाचून दाखवेल. (तातू, दार लावून घे आणि हळू वाच. तुमची भिंत कुडाची आहे आणि पलीकडचा कान पक्का आहे.)

आता आधी रीतीचं, नाहीतर म्हणशील शहरात जाऊन तेही विसरला. शिकामू, आत्या. कागदावरूनच पाया पडतो. जिथं बसली असशील तिथून मराहाबा म्हण, मग पोरीला पुढे वाचू दे. (म्हणालीस असं धरतो.) गुडघा कसा आहे? मिठाच्या पाण्यानं शेकतेस का, की शेजारीण तसंच करते म्हणून सोडून दिलंस? काळी शेळी व्यायली का? छपराच्या झावळ्या पावसाआधी बदलून घे, म्हाताऱ्या कोंबोला माझं नाव सांग, तो पैसे नंतर माझ्याकडून घेईल. मी बरा आहे. खातोपितो, फेरीनं खाडी ओलांडून रोज कामाला जातो, खोलीवर आम्ही तिघं राहतो आणि पंखा एकाचा आहे. प्रकृतीला धोका एकच, तो म्हणजे किओंडो साहेब, आमच्या कारखान्याचे मालक. त्यांचीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकल्याशिवाय तू मला चोर ठरवू शकत नाहीस.

तुला ठाऊकच आहे, मी कांग्याच्या कारखान्यात घडी घालायच्या टेबलावर आहे. छापून आलेला तागा आमच्याकडे येतो. जोडीतले दोन्ही कांगे सारखे आलेत का, काठ तिरका गेला नाही ना, अक्षरं फुटली नाहीत ना, हे बघायचं, घडी घालायची, वीस जोड्यांचा गठ्ठा बांधायचा. आता काठावरची म्हण हीच कांग्याची किंमत, हे तुला मी काय सांगू. रंग कितीही देखणा असो, बाई आधी काठ वाचते आणि मग ठरवते की हा कुणाला नेसून दाखवायचा. आणि आमच्या साहेबांकडे म्हणी लिहायला तीन शिकलेली माणसं होती, तिघांनाही टेबल, तिघांनाही टाय. ते लिहायचे "आईची माया थोर" आणि "शिक्षण हाच प्रकाश." आत्या, तू सांग, असला कांगा नेसून कोणती सवत जळणार? गठ्ठेच्या गठ्ठे परत यायचे. एके दिवशी साहेब आमच्या टेबलापाशी उभे राहून त्या तिघांना झापत होते आणि माझ्या तोंडून सहज गेलं, "माझ्या भातात नारळ किती, हे तुझ्या नाकाला का?" (तूच म्हणाली होतीस. सिहाबामावशी वास घ्यायला कुडाशी आली होती तेव्हा.) साहेबांनी मान वळवली. म्हणाले, "पुन्हा बोल." मी पुन्हा बोललो. दीड महिन्यात त्या म्हणीचा नऊ हजार जोड्यांचा माल गेला, आणि मला बक्षीस म्हणून सोडा मिळाला. एक. गार नव्हता. कोठीवाल्यानं बाटली परत करीन अशी माझी सही घेतली.

आता एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? मी काही सोड्यासाठी जन्मलेलो नाही. कारियाकूच्या एका बोळात चाउसिकूबाई म्हणून एक जण बसते, लाकडी फळीवर दुकान, स्वतःच्या पसंतीचा थोडा थोडा माल छापून घेते. तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, बाई, माझ्याकडे म्हणी आहेत, ऐकून बघ. तिनं एक ऐकली आणि बसायला खोकं दिलं. दुसरी ऐकली आणि पिलाव मागवला. ठरलं असं की दर म्हणीला पाच हजार शिलिंग, आणि चौदा म्हणी चालल्या की तिच्या फळीवर अर्धी जागा माझी, भागीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी फेरीच्या कठड्याला टेकून मी डोळे मिटायचो आणि तुझं दार आठवायचो. तू चुलीपाशी, सिहाबामावशी तिच्या पायरीवर, मध्ये मी, आणि डोक्यावरून टोमणे चाललेले, नारळाच्या झाडावरून कावळे जातात तसे. तीन महिन्यांत चौदा झाल्या. आत्या, मी शाळेत चार वर्षं बसलो आणि काही शिकलो नाही, पण तुमच्या दोन दारांमधल्या वाळूत बसून जे शिकलो त्यावर आज बोळातल्या सगळ्या बायका भांडतायत.

चौदावी म्हणजे ती माशाची, सिहाबामावशीच्या कांग्यावरची. "मासा माझ्या ताटात, काटा तुझ्या घशात." ती अशी पेटली की विचारू नकोस. लग्नात तीच, बारशाला तीच, फेरीवर एकदा मी मोजल्या तर सात बायकांच्या पाठीवर तीच, आणि त्यांतल्या दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. आणि तिथंच घात झाला, कारण तो कांगा साहेबांच्या घरात शिरला. साहेबांची बहीण दोन आठवड्यांसाठी म्हणून आली होती, तिला सात महिने झालेत. रविवारी जेवायला वाढताना साहेबांची बायको तो कांगा नेसून आली आणि नणंदेच्या पानासमोर जरा जास्तच वेळ वाकून उभी राहिली. नणंदेनं काठ वाचला, हात धुतला, उठली. (हे मला साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तो ओट्यावर जेवत होता.)  साहेबांनी कांग्याचा काठ उचलून कोपऱ्यातला छाप बघितला, तो चाउसिकूबाईचा निघाला. घरात भांडण लागलं याचं त्यांना दुःख नव्हतं, आत्या. ते दुसऱ्याच्या कापडातून लागलं, याचं होतं.

सोमवारी मला वर बोलावलं. साहेब होते, त्यांच्या शेजारी नवा कोट घातलेला वकील होता, आणि टेबलावर चार पानांचा कागद होता, खाली माझी सही. नोकरीला लागलो त्या दिवशी कोठीवाल्यानं तो मला वाचून दाखवला होता. म्हणजे कामाची वेळ, एक गणवेश, आणि मंगळवारी घेवडा-भात, एवढंच वाचलं आणि बाकी "नेहमीचंच आहे" म्हणाला. त्या नेहमीच्यात कलम सात होतं. वकिलानं बोट ठेवून वाचलं: नोकरीच्या काळात कामगाराच्या हातून किंवा डोक्यातून जे काही नवं निघेल, ते कंपनीचं. मी म्हटलं, माझ्या डोक्यातून आजवर उवाच निघाल्यात, त्या हव्या असतील तर न्या. वकील हसला नाही. तो म्हणाला, "म्हणी कधी सुचल्या?" मी म्हटलं, सुटी झाल्यावर, फेरीत. तो म्हणाला, "फेरीत असताना तू कंपनीचा कामगार होतास की नव्हतास?" मी म्हटलं, झोपेतही आहेच की. तर तो म्हणाला, बरोबर, झोपेतही, आणि ते लिहून घेतलं.

तेव्हा मात्र माझं डोकं तापलं. (ज्याचं कुणाचं असेल त्याचं.) मी साहेबांना म्हटलं, "साहेब, मागच्या रोज्यांत मला ताप आला होता. डोकं फुटत होतं. तीन दिवस आलो नाही तर तीन दिवसांचा पगार कापलात. तेव्हा म्हणालात, तुझं डोकं, तुझी डोकेदुखी. मग दुखलं तेव्हा माझं आणि पिकलं तेव्हा कंपनीचं, असं कसं?" साहेब वकिलाकडे बघायला लागले. वकील कागद उलटायला लागला, जणू पाठीमागे उत्तर लिहिलंय. मग साहेब गोड झाले. म्हणाले, "बाळ हतीबू, तुला काय हवंय ते बोल. टेबल देतो, खुर्ची देतो, पगारात तीस हजार वाढ देतो. फक्त सही कर की झालेल्या चौदा आणि पुढच्या सगळ्या म्हणी कंपनीच्या." आणि एक टायसुद्धा खणातून काढून समोर ठेवला. निळा होता. मी तो टाय हातात घेतला, त्याची नीट घडी घातली (ते मला येतं), परत ठेवला आणि म्हटलं, मला जागा हवी आहे, पण तुमच्या टेबलावर नाही, चाउसिकूबाईच्या फळीवर. सही करणार नाही.

त्यावर साहेबांनी प्रकरण कामगार कचेरीत नेलं. मागच्या गुरुवारी तारीख होती. तिथं तुनूबाई म्हणून अधिकारी आहेत, वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर. पंख्याचा वारा लागतो म्हणून त्यांनी मांडीवर एक कांगा पसरला होता. मी वाकून काठ वाचला: "दार माझं, कान तुझा, झिजतोय कोण?" आपलीच सातवी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वकिलानं कलम सात वाचलं, बाईंनी मला विचारलं, तुझं म्हणणं काय? आणि आत्या, फेरीत आठ दिवस घोकलेलं सगळं मी विसरलो आणि खरं तेच बोललो. म्हटलं, "बाई, माझ्या डोक्यातून एकही निघालेली नाही. सगळ्या माझ्या आत्याच्या तोंडातून निघाल्यात, आणि आत्या यांच्याकडे कामाला नाही." त्या म्हणाल्या, पुरावा? मी फोन काढला आणि तुझा सहा मिनिटांचा निरोप लावला. मोठ्या आवाजात.

सगळी कचेरी थांबली. चहावाला ट्रे घेऊन दारात उभा राहिला. "हा कारटा आठ वर्षांपूर्वी माझ्या पायापाशी बसून ऐकत होता, त्या वेळेला तर कारखाना होता की नव्हता देव जाणे," हे तू म्हणालीस तिथं तुनूबाईंनी हात वर करून मला थांबवलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि लिहून घेतलं. तू मला चोर म्हणालीस म्हणूनच मी वाचतोय, हे लक्षात घे. (पुढे तू माझ्या अंथरूण ओलं करण्याविषयी जे बोलली आहेस, तेही वाजलं. फोन बंद करायचं बटण मला वेळेवर सापडलं नाही. आता कचेरीत मला सगळे ओळखतात.)

पण साहेबही कच्चे नाहीत. निरोप संपला तसे ते म्हणाले, "ठीक आहे, म्हणी आत्याच्या. मग तू तरी तिला विचारलं होतंस का? तिला काय दिलंस?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुनूबाईंनी चष्म्यावरून बघितलं, चहावाल्यानंही. आत्या, साहेबांनी मला निदान सोडा पाजला होता. मी तुला तोही नाही. त्या दिवशी फेरीत मी डोळे मिटले तर तुझं दार दिसलं, पण ते बंद होतं. तेव्हा हे कागदावर लिहून देतो, सही खाली आहे आणि यात कुठलंही कलम लपवलेलं नाही: झालेल्या चौदा आणि पुढच्या सगळ्या, दर म्हणीत अर्धं तुझं. चोर नाही म्हणायचं ते या शब्दावर.

आता पुढची तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. तुनूबाईंनी सांगितलंय की फोनमधल्या आवाजाला चेहरा नसतो, बाईला समोर आणा, आणि ते शब्द त्या वेळी ज्यानं ऐकले असा साक्षीदार आणा. नाही आणला तर चौदाही म्हणी कंपनीच्या, चाउसिकूबाईचा फळीवरचा माल जप्त, माझी अर्धी जागा गेली, आणि यापुढे तू चुलीपाशी बसून जे बोलशील आणि मी ते कुठं लिहीन, तर त्यावर छाप किओंडो साहेबांचा. तुझं तोंड कंपनीच्या कोठीत, माझ्या सोड्याच्या बाटलीशेजारी. हे मी होऊ देणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, गठ्ठे बांधायला हात आहेत.

सर्वांना सलाम. शेळीलाही.

तुझा, चोर नसलेला,
हतीबू

ता. क. आता खरं काय हवंय ते. साक्षीदार म्हणजे जिला टोमणा लागला ती. सिहाबामावशीला घेऊन ये. थांब, कागद फेकू नकोस, तातूला वाचू दे. तुम्ही दोघी आठ वर्षं कापडाशिवाय एकमेकींशी बोललेल्या नाहीत हे मला माहीत आहे, आणि बोल असं मी म्हणतही नाही. बसवाल्याबरोबर या पत्रासोबत एक पुडकं येईल, त्यात कांग्याची एक जोडी आहे, मधून न कापलेली. चाउसिकूबाईनं पदरचा खर्च करून खास छापून दिली. काठावर लिहिलंय: "भांडण आमचं दोघींचं, तिसऱ्याचा त्यात वाटा नाही." ही पंधरावी, आणि ही मात्र माझी, रविवारी सुचली, कलम सात काय करायचं ते करो. कात्री घे, जोडी मधून काप, एक तू नेस आणि दुसरा तिच्या पायरीवर ठेवून ये. तोंडानं काही बोलायची गरज नाही. एका जोडीतले दोन कांगे नेसून तुम्ही दोघी तुनूबाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिलात, की वकिलानं कोणतंही पान उलटलं तरी चालेल.

दुसरा ता. क. (तातू, हे दार उघडून वाच. मोठ्यानं.) पत्र बंद केलं होतं, पण काल तातूशी बोललो. ती म्हणाली, सिहाबामावशी विहिरीवर सगळ्यांना सांगत होती की माशाची म्हण तिची आहे. तिनं तुला मारली होती, तू तिला नाही. मी रात्रभर तुझी बाजू घेतली. मग सकाळी पाय धुताना गुडघ्यावरचा वण दिसला. त्या दिवशी मी माशाची खवलं काढत होतो आणि ओल्या सिमेंटवरून घसरलो तेव्हाचा तो वण. आत्या, तुझ्या दारात वाळू आहे. सिमेंटची पायरी सिहाबामावशीची. मासा तिनं आणला होता, डोकं तळून मला देते म्हणाली होती म्हणून मी तिकडे बसलो होतो, आणि ते वाक्य ती तुझ्या दाराकडे बघून म्हणाली. तू संध्याकाळभर गप्प होतीस. मला वाटलं, दात दुखतोय. म्हणजे ती तुझा टोमणा नाही, स्वतःचाच नेसून तुझ्या दारावरून जातेय, आणि तिला तो दुकानातून विकत घ्यावा लागला, माझ्यामुळे. सिहाबामावशी, शिकामू. तुझं अर्धं तुला, चौदावीचं. कचेरीत मी जे खरं तेच सांगणार, आणि बाकीच्या तेरांत कुणाची कोणती यावरून तुम्ही दोघी तुनूबाईंसमोर भांडलात तर उत्तमच. त्या म्हणी किती जुन्या आहेत आणि कुणाच्या नाहीत, हे बाईंना डोळ्यांनी दिसेल. बस पुढच्या बुधवारी पहाटेची, खर्च माझा, जागा शेजारशेजारच्या सांगितल्या आहेत. पुडक्यात पाकीट आहे. त्यात दोघींच्या तिकिटांचे आणि उतरल्यावर फेरीपाशी घ्यायच्या एका माशाचे, एकच, दोघींत, असे मिळून पाठवतोय पंचेचाळीस हजार शिलिंग.